भडक पडद्यावरचा डोळा

बाळांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि मनात एक खोली उभी करा. भिंतीला टेकून ठेवलेले दुकानांचे रंगीत फलक, टेबलावर भल्या मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक मुलगी. हातात छोटा आरसा. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. आज मात्र ती मघापासून हललेली नाही.

भिंगरीचा डावा डोळा ती तान्ही असतानाच आजारात गेला. त्या जागी ती बनवलेला डोळा बसवते. पण मुलगी वाढते, बनवलेला डोळा काही वाढत नाही. जुना डोळा सैल झाला होता. मागच्या आठवड्यात पळता पळता तो निसटून शाळेच्या मैदानात पडला. मुलं किंचाळली, लांब पळाली. तेव्हापासून भिंगरीने दप्तराला हात लावला नव्हता. नवा डोळा येईपर्यंत शाळेत जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

तो डोळा दूरच्या शहरात तयार होत होता. बनवणाऱ्या बाईंना घरात सगळे डोळेवाल्या बाई म्हणत. भिंगरीला समोर बसवून त्यांनी माप घेतलं होतं, रंगांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. आता रंगवलेल्या बुबुळाचा फोटो त्यांनी आपल्या वेबसाइटवर टाकला होता. त्यांची रीत ठरलेली : ज्याचा डोळा, त्याने होकार द्यायचा. मगच रंगावर पारदर्शक थर चढवायचा आणि डोळा भट्टीत तापवायचा. त्यानंतर रंग बदलता येत नाही. आज संध्याकाळी भट्टी लागणार होती. पुढची एकदम दोन महिन्यांनी.

"हा माझा डोळा नाही," भिंगरी म्हणाली.

आईने एकदा आरशात, एकदा पडद्यावर पाहिलं. "जरासा तांबूस वाटतोय खरा."

"जरासा? संत्र्याची साल आहे नुसती! मांजराला लावा म्हणावं."

"अगं, चेहऱ्यावर बसला की जमून जाईल," बाबा म्हणाले. "एवढं निरखून कोण बघतंय?"

"सगळे बघतात. तुमच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी निरोप लिहिला : 'फार भडक आहे. चांगला गडद करा.' आणि पाठवून दिला.

लगेच फोन वाजला. "भडक?" डोळेवाल्या बाईंचा आवाज चढला होता. "अहो, मी साधा तपकिरी रंगवलाय!"

"आम्ही समोर बघतोय ना, बाई."

"बरं. पोरीला हवा तसा करू. रंग कालवते आणि लावते. पण वाळला की निघणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." फोन बंद झाला.

भिंगरीला मात्र चैन पडेना. जवळून बघावं म्हणून तिने फोटो उतरवून घेतला आणि बाबा ज्यात फलकांची चित्रं करतात त्या प्रोग्रॅममध्ये उघडला.

"बाबा, हा दुसराच कुठला तरी फोटो आला."

"तोच आहे की. नाव बघ."

तिने दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. एकच पडदा, एकच फोटो. ब्राउझरमध्ये डोळा केशरी, प्रोग्रॅममध्ये तपकिरी.

"यातलं खोटं कोण बोलतंय?" आईने विचारलं.

"ब्राउझर खरा," बाबा छातीठोकपणे म्हणाले. "मी स्वतः नीट करून ठेवलाय."

पण नुसतं म्हणून कसं चालेल? तो डोळा इथे असता तर पडद्याशेजारी धरून बघता आला असता. तो तर पार तिकडे. मग असं काय आहे, जे इथे हातात धरता येईल आणि ब्राउझरमध्येही दिसेल? भिंगरीची नजर खोलीभर फिरली आणि ती उडी मारून उठली. बाबांच्या वेबसाइटवर त्यांच्या फलकांचे फोटो होते! न्हाव्याच्या दुकानाचा विटकरी फलक तिने ओढत आणला आणि पडद्याला लावून उभा केला.

हातातला फलक विटकरी. ब्राउझरमधला पेटलेल्या निखाऱ्यासारखा लाल. तोच फोटो प्रोग्रॅममध्ये उघडला, तर अगदी फलकासारखा.

"बाबा, तुम्ही नक्की काय नीट केलं होतं?"

बाबांनी मान खाजवली. "गिऱ्हाइकं म्हणायची, वेबसाइटवर तुमचे फलक फिके दिसतात. म्हणून ब्राउझरची रंगांची सेटिंग बदलली. काय छान दिसायला लागले!"

"तुमच्या कॉम्प्युटरवर. आणि गिऱ्हाइकांच्या?"

"ते अजून म्हणतात, फिके दिसतात."

"धन्य आहे तुमची!" आई म्हणाली आणि फोनकडे धावली.

ती फोन लावतेय तोवर तुम्ही एवढं समजून घ्या. फोटोबरोबर रंग येत नाहीत, आकडे येतात. इतका लाल, इतका हिरवा, इतका निळा. बाबांचा नवा पडदा होता मोठ्या आवाजाच्या माणसासारखा. त्याला साधा लाल सांगितला तरी तो ओरडून दाखवणार. त्याचा हा स्वभाव ओळखून ब्राउझर एरवी आकडे जरा सौम्य करून देतो. बाबांनी ब्राउझरला बजावून ठेवलं होतं, की स्वभाव-बिभाव बघू नकोस, हा पडदा साधाच आहे असं धर.

"उचलत नाहीत!" आई ओरडली.

"परत लाव!" बाबा सेटिंग शोधत होते. दोनदा भलतंच पान उघडलं. "कुठे ठेवली होती मी ही... सापडली!" त्यांनी रंगांची सेटिंग मुळात होती तशी केली. ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करावा लागला. पान उघडायला लागलेला वेळ तिघांनाही सोसवेना.

"आधी फलक," भिंगरी म्हणाली.

"अगं, तिकडे बाई रंग लावतायत!"

"आधी फलक, बाबा. नाहीतर परत चुकू."

फलक धरला. विटकरीला विटकरी. मग तिने डोळ्याचं पान उघडलं. तपकिरी.

तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. "हात भरलेत माझे, लवकर बोला."

"लावू नका!" आईला धाप लागली होती. "चूक आमच्याकडे होती. रंग लावू नका."

"ब्रश टेकवणारच होते. आता नक्की काय? आणि तुम्ही दोघं नका सांगू. पोरीला द्या फोन."

आईने फोन पुढे केला. भिंगरीने तो लगेच घेतला नाही. आरसा घेऊन ती खिडकीपाशी गेली, उजेडात आपला उजवा डोळा नीट पाहिला, परत येऊन पडद्यावरचा पाहिला, पुन्हा खिडकीपाशी गेली. बाबा काही बोलणार होते, आईने त्यांचा दंड धरला.

"आहेस का गं?" फोनमधून आवाज आला. "थर चढला की संपलं. मागाहून रडायचं नाही."

भिंगरीने फोन कानाला लावला. "रडले तर दोन्हीकडून रडेन. ब्रश खाली ठेवा. आहे तसाच राहू दे," ती म्हणाली, आणि आरसा टेबलावर पालथा ठेवून तिने 'होकार'चं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं.