पितांबरभाऊंच्या खुर्चीवरचा वारा

शिरपूरजवळ हायवेवर पितांबरभाऊंचं टायरचं दुकान. तिथं कामाला लागून प्रज्ञाला दहा दिवस झाले होते. आयटीआयचं सर्टिफिकेट असूनही भाऊ म्हणाले होते, पंधरा दिवस बघू, मग ठेवू. पोरगी म्हटल्यावर हे बघणं आलंच!

सोमवारी वायरमनने डीपी बदलताना फेजची अदलाबदल झाली आणि तेव्हापासून कॉम्प्रेसर उलटा फिरायला लागला. विहिरीची मोटर उलटी फिरली की पाणी नीट चढत नाही, मग अख्खं गाव वायरमनच्या नावाने बोंबलतं. कॉम्प्रेसर मात्र उलटा फिरूनही टाकी भरतो. त्याच्या चाकावरचा दिशेचा बाणही दसऱ्याच्या रंगरंगोटीत बुजलेला. त्यात चाकाच्या पात्यांचा वारा आता थेट भाऊंच्या खुर्चीवर येत होता, म्हणून स्वारी भलतीच खूश होती.

प्रज्ञाने दोनदा सांगून पाहिलं. गुरुवारी हेडजवळ, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवा दाबणाऱ्या वरच्या भागाजवळ, जळक्या तेलाचा वास आला, तेव्हा ती तिसऱ्यांदा खुर्चीपुढे उभी राहिली.

"भाऊ, हाऊ उलटा फिरी राहिना. हेड तापी राहिनं."

"हवा भरास ना? मंग? स्विचले हात लावशी ते सरळ घर चालनी जाय!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मशीन जाम झालं असतं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं. घरी जायचंच तर मशीन वाचवून जावं! तिने खुंटीवरची डब्याची पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि मेन स्विच खाली ओढला.

चाक थांबल्यावर तिने पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. आतून बाण निघाला. मग स्टार्टर उघडून, टेस्टर लावून तिने दोन फेजच्या वायरी आलटून पालटून जोडल्या, झाकण बसवलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. चाक बाणाच्या दिशेने फिरू लागलं.

भाऊंच्या कपाळावर घाम आला. "वारा कोठे गया?"

"तो मशीनना व्हता, भाऊ. मशीनले भेटना."

भाऊ उठले. त्यांनी हेडजवळ हात धरला. तिथं आता गार वारा लागत होता.

"हात लावाना पहिले इचारता येत नही का?" ते गुरगुरले.

"इचारं ना. तीनदा," प्रज्ञा म्हणाली, आणि पिशवी परत खुंटीला अडकवून तिने पुढचं टायर ओढलं.