चाकं जमिनीवर ठेवून

गाडीत दोष नाही एवढं म्हटलं, की मिस्तरींना अख्खी पिकअप मिळणार होती. शिवाय पायाशी गिअरबॉक्स ठेवून, गुडघे कानाला लावून स्कूटरवर हिंडणं सुटणार होतं. सासऱ्यांचं दर आठवड्याचं ‘जावईबापू, पाना असा धरतात का?’ हेही कदाचित बंद पडलं असतं. तोंडातून एक वाक्य जायचं आणि दारात चार चाकं यायची. असं रोज जुळून येत नाही.

जुळवलं होतं मेहुण्याने. सासऱ्यांची रोपवाटिका, कुंड्या पोचवायला ते स्वतःच शहरभर गाडी घेऊन जात. महिनाभर त्यांची एकच तक्रार होती. साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं, की हातातून सुटेल. मेहुण्याचं म्हणणं, थरथरतात ते बाबांचे हात. कप बशीत वाजतो, तो काय पिकअपमुळे? भाऊजींनी गाडी ठीक आहे म्हणून सांगितलं, की किल्ली काढून घेता येईल. मग गाडी भाऊजींचीच.

मिस्तरींनी गाडी जॅकवर घेतली. चाकं धरून हलवली, बेअरिंग पाहिली, हवा पाहिली. सगळं घट्ट. काही सापडत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं, आणि ते खरंही होतं. खोटं त्यांना बोलायचंच नव्हतं. फक्त खरं शोधायची घाई नव्हती. उचललेल्या गाडीच्या सांध्यांवर भार नसतो, आणि भार नसला की झिजलेला सांधाही शहाण्यासारखा वागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यांनी एकाच नटाला तीनदा पाना लावला. जेवताना बायकोने काय बिनसलंय म्हणून विचारलं, तर मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

शनिवारी सासरे गॅरेजमध्ये हजर. मागे मेहुणा, किल्ली घ्यायच्या तयारीने. बरोबर मिस्तरींची बायको. ती गाडी शिकली ती याच पिकअपवर, वडिलांच्या शेजारी बसून. लग्नानंतर मात्र स्कूटरच्या मागच्या सीटशिवाय तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

सासऱ्यांनी जॅककडे पाहिलं. "चाकं जमिनीवर ठेवून बघितलंत?"

मिस्तरींना एकदम हात पुसायची गरज वाटली.

"मी स्टिअरिंग हलवतो. तुम्ही खाली शिरा आणि एकेका सांध्यावर हात ठेवा."

गाडी खाली आली, मिस्तरी तिच्याखाली गेले. इंजिन सुरू झालं. सासरे स्टिअरिंग हलवू लागले, डावं, उजवं, डावं, उजवं. पहिला सांधा गप्प. दुसराही. मग पुढचा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणारा आडवा रॉड. तो चासीला जिथे बोल्टने बसतो तिथे टक्. पुन्हा टक्. रॉडच्या टोकाचं बोल्टाचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि रॉड बोल्टावर जवभर सरकत होता.

मिस्तरींनी इंजिन बंद करून थांबायला सांगितलं. टकटक थांबली. पण त्यांचा दुसरा हात स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, आणि तो दांडा थांबला नव्हता. बारीक, एकसारखा कापत होता.

म्हणजे गाडीही, आणि हातही.

मिस्तरी तसेच पडून राहिले. समोर मेहुण्याचे बूट होते. त्यातला एक सारखा जमिनीवर आपटत होता. काही नाही ना भाऊजी, असं बुटांच्या वरून कोणीतरी विचारलं.

"रॉड गेलाय," मिस्तरी म्हणाले. वाक्य तोंडातून गेलं, आणि दारात येऊ घातलेली चार चाकंही गेली.

बाहेर येऊन ते खिडकीशी वाकले, हळू आवाजात म्हणाले, "बाबा, रॉड मी बदलतो. पण..."

"हाताचं ना? ते मला वर्षभर कळतंय." सासऱ्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "पण गाडीचा दोष माझ्या नावावर घेऊन मी खाली उतरणार नव्हतो."

सोमवारी नवा रॉड बसला. सासऱ्यांनी किल्ली पुढे केली. मिस्तरींचा हात आपसूक उचलला गेला. किल्ली त्याच्या शेजारून लेकीच्या मुठीत गेली.

तिने साठचा वेग गाठला आणि मुद्दाम खड्डा घेतला. स्टिअरिंग जागच्या जागी. बायको आणि सासऱ्यांच्या मधे कोंबलेले मिस्तरी तरीही समोर जे हाताला लागलं ते धरून थरथर सुरू व्हायची वाट बघत होते.

"सोडा ते, जावईबापू. तो डॅशबोर्ड आहे, तो पक्का आहे."

मिस्तरींचं जे गेलं ते त्यांचं कधी नव्हतंच. मेहुण्याला बापासमोर मान खाली घालावी लागली, तेवढंच. बायकोला गाडी मिळाली. आणि किंमत मोजली ती खिडकीशी बसलेल्या माणसाने, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.