पांढऱ्या केसांची सरदारीण

यशया पेंटर नगरात नाटकांचे पडदे रंगवायचा. महाल म्हणा, जंगल म्हणा, गड्याचा हात लागला की चित्र बोलायला लागायचं. पण घरात बायकोपुढे त्याची मात्रा चालत नव्हती. मुदतीच्या तापात मरियाचे केस झडले आणि परत आले ते पांढरेफटक. तेव्हा वय जेमतेम पंचविशीचं, लेक अजून रांगत होती. तेव्हापासून घरातसुद्धा तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

आता लेक कृपा नर्सिंग शिकायला मिरजेला निघाली होती. "बाबा, मला संगं न्यायला आईचं चित्र पायजे," एवढंच तिचं मागणं. मरिया म्हणे, माझं चित्र काढायचं न्हाई. मग या शहाण्याने गुपचूप आठवणीतून काढलं, आणि केस रंगवले काळेभोर.

मरियाने पाहिलं. "ही कोन? सवत आनली व्हय?" म्हणाली, आणि बोलणंच बंद केलं. हौसेने गेला आणि नेमकं बायकोच्या वर्मावर बोट ठेवून आला, दुसरं काय.

मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाई तेव्हा मायदेशी चालल्या होत्या. आवराआवरीत त्यांनी यशयाला एक छापील चित्र दिलं. दोनशे वर्षांपूर्वीची फ्रान्सची सरदारीण. गुलाबी गाल, निळं रेशीम, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा मनोरा. यशयाने ते थेट चुलीपाशी नेऊन ठेवलं.

मरिया चुकचुकली. "पोरगीच हाय की. हिलाबी मुदतीचा ताप आल्ता का?"

"न्हाई गं. मडमबाई सांगत हुत्या, ह्या बाया मुद्दाम पीठ लावून केस पांढरे करायच्या, आन् मग चित्राला बसायच्या."

"हितं रेशनला दाना मिळंना, आन् ह्या भवान्या डोक्यात पीठ घालत्यात?" मरियाला हसू आवरेना. तव्यावरची भाकरी करपली. हसू ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "तुमाला पांढरे चालत्यात?"

"मला तू लागतीस. काळे काढले ते तुझं मन राखायला."

"मला तर काळ्या केसांची आई आठवतबी न्हाई," दारातून कृपा म्हणाली. "मला ही पांढऱ्या केसांचीच पायजे."

मरियाने हात धुतले, दारातल्या उजेडात पाट मांडला आणि पदर खांद्यावर सोडला. इतक्या वर्षांत यशयाने ते डोकं दिवसाउजेडी पाहिलंच नव्हतं. तो ब्रश धरून नुसता बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे.

"बाबा, रंग वाळंल की," कृपा म्हणाली.

"वाळू दे," मरिया म्हणाली. "आधी त्यान्ला बघून घेऊ दे."