काजळाचा ठिपका दिलेली अंडी

कोंबडी रवणीला बसवली, म्हणजे अंडी उबवायला बसवली, की ते कुणाला सांगायचं नाही आणि अंडी मोजायची नाहीत, असा माझ्या सासूबाईंच्या गावचा नियम. देवगडकडच्या त्या गावात उबवायच्या अंड्यांवर कोळशाची खूण करतात, म्हणजे नंतर घातलेली अंडी वेगळी ओळखता येतात. मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर, आमच्या दोन खोल्यांत कोळसा कुठला? आईंनी माझ्या लेकीच्या, दिशाच्या, कप्प्यातली काजळाची कांडी उचलली आणि प्रत्येक अंड्याला एकेक ठिपका दिला. नजरेचाही बंदोबस्त झाला. मग प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये गोणपाट, त्यावर अंडी, अंड्यांवर तांबडी. क्रेट पाण्याच्या पिंपामागे, अंधारात. मला कळलं ते फक्त पिंप मी भरते म्हणून.

तांबडीला साधी कोंबडी समजू नका. आईंच्या लग्नात त्यांच्या आईने जी कोंबडी दिली होती, तिच्या लेकीच्या लेकीची कितवी लेक ही, ते आता आईंनाही सांगता येत नाही. गावचं घर बंद झालं तेव्हा भांडी, देव, पाट सगळं मागाहून टेम्पोने आलं. तांबडी तेवढी आईंच्या मांडीवर बसून एस.टी.ने आली. आता तीही म्हातारी झालेली. अंडी देणं थांबत आलेलं. ही रवण फुकट गेली तर त्या घरातून चालत आलेलं सगळं तिथेच संपणार होतं. आई हे बोलल्या नव्हत्या. पण पिंपामागे वाकून बघताना त्यांचे दुखरे गुडघे कुरकुरत नसत, त्यावरून मी ओळखलं.

आणि एका सकाळी माझ्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, तांबडीला बादलीत बुडवलं.

बिचारा अंधेरीहून रात्रपाळी करून आला होता. मी रेशनला, आई शेजारच्या रद्दीवाल्या शकुकडे. तांबडी दिवसातून एकदा खायला उठते, तशी उठलेली. पिसं फुलवून घुर्र करत तिने याच्या पायाला चोच मारली. याला वाटलं, उगाच खुडूक झाली. लहानपणी गावी हे कामच याचं होतं: अंड्यांवाचून नुसतीच खुडूक झालेली कोंबडी गार पाण्यात बुडवायची, म्हणजे तिच्या अंगातली धग जाते आणि ती पुन्हा अंडी द्यायला लागते. आईचा आज्ञाधारक मुलगा. बुडवली आणि गाढ झोपला.

आम्ही परत आलो तर तांबडी शकुच्या पत्र्यावर, पिळलेल्या फडक्यासारखी. आणि अंडी गार.

"मेल्या, माका इचारलंस तरी?" आई ओरडल्या.

"तू सांगितलंस तरी? पिंपामागे काय सोनं पुरलंयस ते मला काय माहीत!"

"सांगूचा नसता!"

"मग झालं तर. वाट लागली ना आता."

आई खाली बसल्या. आवाज एकदम उतरला. "थंड पडली ती. टाकून दी गो, वनू."

मी एक अंडं हातात घेतलं. दिशा दहावीला होती तेव्हा तिचं विज्ञानाचं पुस्तक मी भाजी चिरता चिरता वाचून काढलं होतं. तिने मार्कांपुरतं वाचलं, मला मात्र त्याचं वेडच लागलं. त्यानंतर रद्दीत येणारी अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं शकु आधी मला दाखवते, मग विकते. सजीवांची लक्षणं मला तोंडपाठ: हालचाल, श्वसन, पोषण, वाढ, उत्सर्जन, प्रतिसाद, प्रजनन. हातातल्या गार अंड्याला मी एकेक लक्षण लावून बघितलं. एकातही पास होईना. आमच्या दारातला दगड आणि हे, दोघं सारखेच.

"ऑम्लेट?" चंद्रप्रकाशने हळूच विचारलं. मी नुसतं बघितलं. तो गुपचूप टॉवेल घेऊन पत्र्यावर चढला.

आईंची गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरली, फडक्यात गुंडाळली, वर अंडी, वर गोधडी. आई म्हणाल्या, उगाच कित्याक. पण गोधडीत हात घालून पिशवी फार तापली नाही ना, ते त्याच बघत राहिल्या. वर पत्र्यावरून ऐकू येत होतं, "ए बाय, चुकलो ना. ये ना गं." एवढ्या प्रेमाने तो माझ्याशी लग्नातही बोलला नव्हता.

दुपारी मी आईंना म्हटलं, "बघूया." दोघी गोधडीखाली शिरलो. आत मिट्ट काळोख आणि आमचा घाम. मोबाइलचा टॉर्च लावला, त्यावर अंडं टेकवलं.

पहिलं नुसतंच पिवळट, रिकाम्या खोलीसारखं. दुसऱ्यात एक काळपट कडं, सुरू होऊन मध्येच विझलेलं. आईंचा श्वास माझ्या कानाशी अडकलेला. तिसरं टेकवलं आणि सगळं अंडं आतून तांबडं झालं. त्यात लाल शिरा, पिंपळाच्या पानाला असतात तशा, मधल्या एका ठिपक्यातून चहूकडे पसरलेल्या. आणि तो ठिपका हलत होता. लप, लप, लप. मोहरीएवढा.

पाठ केलेलं सगळं तिथे होतं, पण पाठांतरात असं काही नव्हतं. कवचाच्या न दिसणाऱ्या भोकांतून ते श्वास घेत होतं. बलकाचा डबा सोबत बांधून आणलेला, त्यातलं खात होतं. ते हृदय कुणी सुरू केलं? बटण कुठे होतं? पुस्तकात लिहिलंय, पेशी होते ती आधीच्या पेशीतूनच. मी ते वाचून पान उलटलं होतं. आता कळलं की याचा अर्थ काय. या ठिपक्यातली धुगधुगी तांबडीकडून आलेली, तिला तिच्या आईकडून, आईंच्या लग्नातल्या कोंबडीकडून, आणि त्याच्याही मागे, पृथ्वीवर कोंबडी नव्हती, पीस नव्हतं, तिथपर्यंत. मध्ये एकदाही विझलेली नाही. एकदा जरी विझली असती तरी हे नसतं. आणि माझ्या छातीतलंही तिथूनच आलंय, आईंच्याही. एका गोधडीखाली आम्ही तिघं नातेवाईक.

"जितां आसा गो ह्या," आई कुजबुजल्या, देवळात बोलतात तशा.

"काय दिसतंय? मला बघू द्या ना यार!" बाहेरून चंद्रप्रकाश. गोधडी उचलून तोही घुसला, काखेत टॉवेलात गुंडाळलेली तांबडी. त्याने बघितलं. मग म्हणाला, "आये, हे मी थांबवणार होतो."

"थांबला नाय ना? मगे?" आईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

ऊन कलल्यावर तांबडीला क्रेटपाशी सोडलं. ती उभी राहिली. मान वाकडी करून बघितलं, अंड्यांना नव्हे, चंद्रप्रकाशला. तो बादली उचलून बाहेर गेला. मग ती आत उतरली, चोचीने अंडी एकेक करून पोटाखाली ओढली आणि पिसं पसरून बसली.

त्यानंतर रोज पिंप भरताना मी वाकून बघायचे. काजळ फिकट होत गेलं. आणि एका सकाळी आईंनी एक अंडं उचलून कानाशी धरलं, मग माझ्या कानाशी. कवच अजून अखंड. आतून बारीक, रागावलेलं चीं चीं. तांबडी क्लक् म्हणाली. अंडं पुन्हा बोललं. जन्माच्या आधीच उत्तर देत होतं.

दारातून चंद्रप्रकाशने विचारलं, "काय म्हणतंय?"

आईंनी पुन्हा कान लावला, नीट ऐकलं.

"म्हणता, तो बादलीवालो खंय गेलो?"