गुरुवारच्या चर्चेतली कादंबरी

मी एका कादंबरीची प्रत बोलतेय. कादंबरी एकच, पण आम्ही प्रती हजारभर निघालो. सगळ्यांच्या पोटात तीच अक्षरं, तरी जन्म जिचा तिचा वेगळा. माझा ऐकाल?

छापखान्यातून सुटे कागद आले. ते दुमडून, शिवून, पाठीला खळ लावून एका बांधणीवाल्या बाईनं मला दाबाखाली ठेवलं. तिनं माझं एक अक्षरही वाचलं नाही. पण तिच्यासारखा मायेचा हात मला पुढे फार कमी वेळा लागला.

तिथून मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आले. पहिल्या पानावर शिक्का बसला, पाठीवर क्रमांक चिकटला आणि मी कपाटात उभी राहिले. माझ्याबरोबर माझ्या दहा बहिणी होत्या. आम्हाला वर्षातून एकदाच बाहेर काढत, सरांच्या गुरुवारच्या चर्चेसाठी.

माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगते. वजनमापं तपासणारा एक सरकारी माणूस असतो. दुकानोदुकानी तराजू तपासत फिरताना त्याला एक दिवस वाटतं, आपण आपल्याच जगण्याचं वजन कधी केलं नाही. सकाळी दूध आणायला म्हणून तो घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. मागे म्हातारी आई असते, बायको असते. तो डोंगर चढतो, गुरू करतो, गुरू सोडतो, मौन धरतो. सोळा वर्षांनी त्याला हवं ते सापडतं आणि मग तो एकदा घराकडे येतो. आई आदल्याच वर्षी वारलेली असते, बायको दुसरीकडे गेलेली असते, घरात परकी माणसं राहत असतात. तो तिथल्या नळाचं पाणी पितो आणि पुढे चालू लागतो. लेखकानं याला मुक्ती म्हटलं आहे.

सरांचा माझ्यावर फार जीव. पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या बाहीला कायम खडूची भुकटी. गुरुवारी दुपारी रसायनशाळेशेजारच्या खोलीत ते दहा-बारा मुलामुलींना गोल बसवत. शेजारून आम्लांचा वास यायचा, सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे आणि सर म्हणायचे, "रडू येतंय का? छान. अजून पहिलंच प्रकरण आहे."

त्या वर्षी मी जिच्या हाती गेले, तिला सगळे 'शंका' म्हणत. हात सतत वर. बारीक अंगाची, कोपरापर्यंत शाईचे डाग. त्यांच्यातला एक विनोदवीर म्हणायचा, "सर, आधी हिची शंका घ्या, नाहीतर ती तुमची हजेरी घेईल."

एका गुरुवारी विषय होता, त्या माणसाला घर सोडून जायचा अधिकार होता का?

वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, व्यक्तीचं स्वातंत्र्य कुटुंबाच्या चौकटीत मावत नाही."

"हजेरी लागणार असेल तर मोक्षाला यायला मीही तयार आहे," विनोदवीर म्हणाला. वर्ग हसला.

शंकाचा हात वर होताच. "सर, त्याच्या जागी त्याची बायको दूध आणायला गेली असती तर? आणि आलीच नसती तर?"

सर हसले. म्हणाले, "तर कादंबरी अडीच पानांची झाली असती. तिसऱ्या पानावर गावानं तिला धरून परत आणलं असतं."

पुन्हा हशा पिकला. शंका हसली नाही. तिनं माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'अडीच पानं.'

तास संपता संपता सर त्यांचं आवडतं वाक्य बोलले. "लक्षात ठेवा, ज्याला खरी तहान लागते तो पाण्याचा पत्ता विचारत बसत नाही. तो उठतो." हे वाक्य ते दरवर्षी बोलत. मुलं ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. शंकानं मात्र ते उतरवून घेतलं नाही. ती नुसती सरांकडे बघत राहिली. मी तिच्या मांडीवर होते. तिनं पेन्सिल माझ्यात ठेवून मला मिटलं.

तिचं घर दोन खोल्यांचं. वडील ती शाळेत असतानाच गेलेले. आई एका कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणून काज-बटणं करायची. खाटेवर शर्ट, खुर्चीवर शर्ट. बसायचं असलं तर आधी कुणाच्या तरी बाह्या बाजूला कराव्या लागत. त्या ढिगात टेकून शंका मला वाचायची आणि आईचं तोंड चालू असायचं.

"रविवारी ती मंडळी येतील. मुलगा शांत आहे म्हणे."

"हं."

"हं काय? पुस्तकाशी लग्न लावायचंय का तुझं?"

शंकानं मला मिटलं. "आई, तुला कधी वाटलं नाही का गं, की हे सगळं कशासाठी चाललंय?"

आईनं सुई दाताखाली धरली, विचार केला आणि म्हणाली, "वाटलं होतं एकदा. पण तेवढ्यात दोऱ्याला गाठ पडली. ती सोडवेपर्यंत काय वाटत होतं तेच विसरले."

दोघीही हसल्या. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

मंगळवारी सकाळी आई गठ्ठा पोचवायला गेली आणि शंका निघाली. एक पिशवी, दोन कपड्यांचे जोड, वडिलांची जुनी शाल. मला तिनं शिलाईच्या खुर्चीवर ठेवलं आणि माझ्यात एक चिठ्ठी सरकवली. 'आई, मी कुणाबरोबर गेलेली नाही. मला शोधू नकोस. पुस्तक गुरुवारी सरांना परत दे.'

मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. सोळा वर्षं भटकणाऱ्या माणसाची गोष्ट पोटात बाळगून मी त्या खुर्चीवर गप्प पडून राहिले.

आई मला चिठ्ठीसकट चौकीत घेऊन गेली. तिथे तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. "बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. लिहिलंय तिनं."

"बाई, मुली एकट्या जात नाहीत."

शेजारणीही तेच म्हणाल्या, फक्त जरा हळू आवाजात. रविवारच्या मंडळींनी येणार नाही असा निरोप धाडला.

गुरुवारी आईनं मला धुतलेल्या कापडात गुंडाळलं आणि कॉलेज शोधत आली. चर्चा सुरू झाली होती. ती दारात उभी राहिली. "सर कोण?"

सर पुढे झाले. आईनं मला त्यांच्या हातात दिलं आणि काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाली, "ती हेच वाचत होती. यातला माणूस कुठे जातो? तेवढं सांगा. मी तिकडे बघून येते."

त्या वक्त्या मुलीनं धीर करून सांगितलं, "काकू, ते तसं खरं नाहीये. डोंगर वगैरे सगळं प्रतीक आहे."

"प्रतीक म्हणजे कुठल्या बाजूला?" आईनं विचारलं.

विनोदवीरानं उठून आपली खुर्ची आईला दिली.

त्यानंतर आई दर गुरुवारी येऊ लागली. शर्टांचं काम आटपून, पदराला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. सर एकेक प्रकरण मोठ्यानं वाचत आणि ती शंकाच्या जागेवर बसून ऐकत असे. मुलांना तिच्यासमोर बोलवेना. मुक्ती, शोध, त्याग हे शब्द तोंडाशी येत आणि त्यांची नजर तिच्या बोटांवर जाई, सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेल्या. चर्चा हळूहळू बंदच पडली, नुसतं वाचन उरलं. प्राचार्यांनी पुढच्या वर्षी माझ्याऐवजी प्रवासवर्णन लावायला सांगितलं.

सरांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. सुट्टीच्या दिवशी ते आईला घेऊन मठ, आश्रम हिंडले. मी त्यांच्या पिशवीत असे, आणि माझ्या पानांत शंकाचा फोटो. एका ठिकाणच्या दारवानानं फोटो बघून सांगितलं, "इथे येणाऱ्यांना जुनं नाव राहत नाही, ताई. नवं नाव माहीत असेल तर सांगा." आईला नवं नाव कुठून माहीत असणार? दुसरीकडे आतही जाऊ दिलं नाही. तिसरीकडे पोटभर जेवू घातलं आणि हात जोडले.

परतताना बसमध्ये सर म्हणाले, "चूक माझी आहे. मी ते वाक्य बोलायला नको होतं."

"कुठलं वाक्य?" आईनं विचारलं.

सरांनी मला पिशवीतून काढलं आणि पुन्हा आत ठेवलं.

वर्ष सरत आलं तसं शेवटचं प्रकरण आलं. सरांनी वाचायला मला उघडलं. त्यांनी पान बघितलं, आईकडे बघितलं आणि जे लिहिलंच नव्हतं ते वाचलं. माणूस घरी येतो, आई दार उघडते, त्याला ओळखते, जेवायला वाढते. किती ओघानं वाचलं त्यांनी! जणू आयुष्यभर हेच प्रकरण शिकवत आले होते. मुलांना खरा शेवट ठाऊक होता. एकेकानं आपापली प्रत मिटली.

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे येतो," ती म्हणाली. "हे पुस्तक मला काही दिवस द्याल? तेवढंच प्रकरण मी पुन्हा वाचीन."

नाही म्हणायला सरांना कारण सापडेना. त्यांना वाटलं, चौथी शिकलेली बाई, किती वाचणार?

ती वाचत होती. रोज चार ओळी, बोट ठेवून, ओठ हलवत. मी तिच्यासमोर उघडी पडलेली. माझी पानं एकमेकांना चिकटावीत, अक्षरं पुसली जावीत, निदान आज तिला चष्मा सापडू नये, असं मला रोज वाटे. चष्मा सापडे. महिन्याभरात तिचं बोट त्या ओळीवर आलं. 'आई गेल्या वर्षीच गेली,' शेजारी त्याला सांगतो.

बोट तिथेच थांबलं. मग तिनं ती ओळ तीनदा वाचली आणि मला मिटलं.

गुरुवारी ती आली ती बसलीच नाही. "सर, तुम्ही वाचायला चुकलात," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती पुढे म्हणाली, "आई असेपर्यंत तो येत नाही. ती गेल्यावरच येतो."

"ताई, ही कादंबरी आहे. कुणीतरी रचलेली."

"रचलेलीच वाचून गेली ना माझी?"

ती मला टेबलावर ठेवून निघून गेली. पुन्हा गुरुवारी आली नाही. चौथ्या आठवड्यात सर तिच्या घरी गेले, मला काखेत घेऊन. का घेतलं कुणास ठाऊक. आई शर्टांच्या ढिगात पडून होती, तापानं फणफणलेली. उशाशी औषधाची पुडी तशीच बांधलेली.

"घेत का नाही?" सरांनी विचारलं.

"लवकर गेलेलं बरं," ती म्हणाली. "तिला फार वाट बघायला नको."

सर तिच्यापुढे लहान मुलासारखे रडले. शपथा घातल्या, हातापाया पडले, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. पाचव्या दिवशी ती गेली. शेवटची शुद्ध असताना तिनं दाराकडे बघून विचारलं, "कुणी आलं का?" परिचारिकेला वाटलं, चहावाल्याबद्दल विचारतेय. ती म्हणाली, "येईल, चारला येईल."

कारखान्याचा माणूस उरलेले शर्ट घेऊन गेला. सरांनी शेजारणीकडे आपला पत्ता देऊन ठेवला. मुलगी आलीच तर हा तिला द्या, म्हणून. वर्षभरानं ती शेजारीणही दुसरीकडे राहायला गेली. शंका आली नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. ती आहे की नाही, तिला पाणी मिळालं की तहानच मिळाली, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

सर निवृत्त झाले, तेव्हा ग्रंथालयाला त्यांनी माझ्याबद्दल 'हरवली' असं लिहून दिलं आणि मला घरी आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. जाळायला त्यांचा हात धजत नाही आणि उघडायला जीव होत नाही.

माझ्यासारखं काही वाचून कुणी उठणार असेल, तर मी त्याला अडवत नाही. अडवणारी मी कोण? फक्त हात जोडून एक मागते. तहान लागली तर खुशाल जा, पण मागे एक पत्ता ठेवून जा. खोटा का असेना. माणसं पत्त्यावरसुद्धा जगतात हो.

दर गुरुवारी दुपारी सर स्टूल लावून वर चढतात. वर्तमानपत्रावरून हात फिरवून मी आहे ना ते बघतात आणि न उघडता खाली उतरतात. गेले तीन गुरुवार कुणी आलेलं नाही. खाली स्टूल सरकल्याचा आवाज नाही, खोकला नाही. कालपासून माझ्या पाठीच्या खळीला कसर लागली आहे. बांधणी सुटतेय, आणि मीही ती धरून ठेवत नाही.