उजवीकडून पहिलं चित्र

त्या दिवशी बाबा नेहमीसारखे भिंतीवर पेन्सिलीने बारीक खुणा करत होते. दुबईत अल कूझमधल्या त्या गॅलरीत चित्रं लावायचं काम ते कितीतरी वर्षं करत होते. माझं ऑफिस अल बर्शाला, म्हणून दुपारी डबा घेऊन मीच गेले. अमेरिकेतल्या मोंटानाहून ब्लॅकफीट जमातीच्या एका चित्रकर्तीची चित्रं आली होती. जुन्या हिशेबवह्यांची पानं, त्यांवरच्या फिकट रकमा तशाच ठेवलेल्या, आणि रकमांवरून धावणारे रंगीत घोडे. एका पानावर घोड्यामागे पेट्रोल पंप होता आणि वर बसलेली मुलगी जीन्समध्ये.

सगळी चित्रं लावून झाल्यावर बाबांचा जोडीदार हमदुल्ला शिडीवरून उतरला, मागे सरकला आणि हसायलाच लागला.

"सतीशभाई, घोड़ा इधर जा रहा है, कहानी उधर. बेचारा पहुँचेगा कब?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मतलब?"

"उर्दू के माफ़िक है. दाएँ से चलो."

बाबांनी गॅलरीने दिलेला कागद काढून पाहिला. हमदुल्लाचं बरोबर होतं. आयुष्यभर डावीकडून वाचणाऱ्या बाबांनी सवयीने मालिका उलटी लावली होती.

"तेरी उर्दू मेरा लंच खा गई. यल्ला, उतारो."

सगळं पुन्हा लावून आम्ही मागच्या खोलीत जेवायला बसलो. कोबीची भाजी त्यांनी माझ्याकडे ढकलली.

"टोरांटोच्या नोकरीचं काय झालं?"

"बघते."

"समिधा, माझ्यापायी अडकू नकोस हं."

"तुमच्यापायी कशाला? इथलं प्रोजेक्ट चांगलंय."

खरं तर टोरांटोला मी केव्हाच नकार कळवला होता. आई गेल्यापासून बाबा अल नहदाच्या फ्लॅटमध्ये चहा दोघांचाच टाकत आणि उरलेला मुकाट्याने बेसिनमध्ये ओतत. ते पाहिल्यावर मी कुठे जाणार? पण हे बोलले असते तर त्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडून गुहागरचं तिकीट काढलं असतं. मी ओळखत होते त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यापाशीच कोसळले. ॲम्ब्युलन्स यायच्या आत गेले.

फोन आले. गुहागरहून रंजितामावशी म्हणाली, "आता तरी जा बाई टोरांटोला. मागे ओढणारं कोण उरलंय?" तिला मायेनंच म्हणायचं होतं. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. मी एका प्रोजेक्टसाठी दुबईत थांबले, असंच समजून बाबा गेले होते. खरं कुणालाच माहीत नव्हतं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी गेले. बाबा उद्घाटनांना कधी जात नसत, हमदुल्लाही आला नव्हता. दार डावीकडे, त्यामुळे सगळे तिथूनच बघायला लागले, ज्यूसचे ग्लास सांभाळत, एकमेकांचे फोटो काढत. मी गर्दीच्या मागून जाऊन उजव्या टोकाला उभी राहिले. तिथे कोणीच नव्हतं. चौकट इतकी सरळ बसली होती की हात लावायचं धाडस झालं नाही.

चित्रकर्ती माइकवर थोडंच बोलली. त्यांच्याकडचे जुने लोक स्वतःच्या हातून घडलेलंच चित्रात काढत. पण काढून भागत नसे. चार माणसांसमोर ते तोंडाने सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. टाळ्या झाल्या, लोक पुन्हा पांगले.

जरा वेळाने ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. साठीची असावी, केस पांढरे.

"इथून सुरुवात करणारी तू एकटीच," ती इंग्रजीत म्हणाली.

"ही चित्रं माझ्या वडिलांनी लावलीत. लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले."

तिने सांत्वन केलं नाही. चित्राकडे वळली. मग म्हणाली, "तुला काही सांगायचंय?"

"मराठीत सांगावं लागेल. तुम्हाला कळणार नाही."

"मी ऐकते."

आमच्या मागून दोन मुली हसत गेल्या. त्या जाईपर्यंत मी थांबले. इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य तोंडात आधी नीट बसेना. मग मी मोठ्याने म्हणाले,

"बाबा, मी तुमच्यासाठी थांबले होते. आणि मला ते आवडत होतं."