व्हॅनिलिनच्या खालच्या टोकाला

मावशीची नजर पार गेली तेव्हा भाच्याने ठरवलं, आता चौकटी ऐकता आल्या पाहिजेत.

ऑनलाइन विश्वकोशात कुठलंही रसायन उघडलं की बाजूला एक चौकट दिसते. वर रेणूची आकृती, खाली सूत्र, रंग, द्रवणांक, धोके. त्या चौकटींचा सांगाडा भाचा घडवायचा. कुठे शिकलेला नव्हता, मोडत-जोडत जमलं होतं. आकृत्या मात्र मावशीच्या. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाल्यापासून तिने त्या ढिगाने काढल्या होत्या. एक रेघ जरा तिरकी वाटली तरी अख्खी आकृती पुसायची.

आता मोबाइल तिला पानं वाचून दाखवायचा. चौकटीपाशी येऊन तो पहिल्यांदा सूत्र, रंग, द्रवणांक अशी नुसती नावं आणि मग नुसते आकडे बरळला, ते ऐकून मावशी खो खो हसली.

"आधी सगळ्या पोरांची नावं, मग सगळ्यांचे मार्क! कुणाला किती पडले ते मी जुळवत बसू? काय हो चौकटराव, हेच का तुमचं डिझाइन?"

"दिसायला छान होतं गं."

"दिसायला!" मावशी म्हणाली, आणि भाच्याने जीभ चावली.

त्याने सांगाडा पुरता उसवला. प्रत्येक नावाला त्याचा आकडा चिकटवला, रिकाम्या ओळी उडवल्या. मोबाइल माणसासारखा बोलू लागला. फक्त आकृती आली की "चित्र" म्हणायचा आणि पुढे सटकायचा. तिचीच आकृती, आणि तिच्या वाट्याला नुसतं "चित्र".

मग ठरलं, प्रत्येक आकृतीला शब्दांत वर्णन जोडायचं. मावशी सांगणार, भाचा टाइप करणार.

"डोळे गेलेत, आकृत्या नाही गेल्या," ती म्हणाली. "सगळ्या आत आहेत. एवढं एक काम मला राहू दे. पण चुकले तर तोंडावर सांगायचं. बिचारी म्हणून चालवून घेतलंस तर याद राख."

"तुला बिचारी म्हणायची कुणाची छाती आहे?"

दुपारी बसले. पाणी झालं, अमोनिया झाला, बेंझीन झालं. मावशी टेबलावर बोटाने रेघा ओढत धडाधड सांगत होती, भाच्याची बोटं मागे पडत होती. कित्येक महिन्यांत ती इतकी खुशीत नव्हती.

मग व्हॅनिलिन आलं.

"अहाहा, आइस्क्रीमचा वास! लिही. षटकोनी वलय. वरच्या टोकाला आल्डिहाइड. खालच्या टोकाला मिथॉक्सी. त्याच्या शेजारी हायड्रॉक्सिल."

भाचा थांबला. समोर स्क्रीनवर तिनेच काढलेली आकृती होती. खालच्या टोकाला हायड्रॉक्सिल, आणि शेजारी मिथॉक्सी. अणूंच्या दोन शेजारी गटांनी जागा बदलल्या, एवढंच. पण रसायनात एवढ्याने दुसरंच संयुग होतं.

गुपचूप बरोबर लिहावं, तर संध्याकाळी ती मोबाइलवर ऐकणार. तिला ऐकता यावं म्हणून त्यानेच तर एवढा आटापिटा केला होता. आणि चुकीचं लिहावं, तर ते वाचून अभ्यास करणाऱ्या पोरांचं काय?

"का रे, झोपलास?"

"मावशी... खाली हायड्रॉक्सिल आहे."

"काहीतरीच. नीट बघ."

"नीटच बघतोय."

मावशीने पुन्हा टेबलावर षटकोन काढला. बोट खालच्या टोकाशी आलं, शेजारी सरकलं, परत आलं. असं बराच वेळ चाललं.

"आता मला दोन्ही दिसतायत," ती हळूच म्हणाली. "आणि दोन्ही बरोबर वाटतायत."

"दमली असशील. एखादी चुकतेच गं."

"हेच नको म्हणाले होते ना?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता इथून पुढे माझी प्रत्येक आकृती तू ताडून बघणार. बघायलाच हवी. मग मधे मी कशाला? तू बघ आणि लिही."

टेबलाची कड धरत ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

भाच्याने व्हॅनिलिन दुरुस्त केलं. पुढची आकृती ॲस्पिरिनची होती. वलयाच्या दोन फांद्या, अगदी शेजारी शेजारी.

"षटकोनी वलय," तो मुद्दाम आत ऐकू जाईल असं मोठ्याने वाचू लागला. "दोन फांद्या. एकमेकींच्या बरोब्बर समोरासमोर!"

थांबला. आतून एक तरी 'गधड्या' येईल म्हणून वाट बघितली.

पलंग जरासा करकरला. कूस बदलली असावी.

मग त्याने 'शेजारी शेजारी' असं लिहिलं आणि जतन केलं.